उजवा पाय टेकेपर्यंत

ताई,

कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या नावापुढे 'संगीत' एवढंच छापलं होतं. तुम्ही जे केलंत ते तेवढ्यात मावत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. तुम्हाला असलं काही आवडत नाही, ठाऊक आहे. एवढ्या वेळी चालवून घ्या.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा नाचायला उभी राहिले तेव्हा मला डॉक्टरांपेक्षा संगीतकारांची धास्ती जास्त होती. तुमच्या आधी ज्यांच्याबरोबर काम सुरू केलं होतं (नाव घेत नाही, नाव मोठं आहे), ते तालमीला एकदाही फिरकले नाहीत. थेट तयार फाइल आली. उडीनंतर उजव्या पायावर उतरून तोल सावरायला मला आता थोडा जास्त वेळ लागतो, तिथे जरा जागा देता येईल का, असं विचारलं, तर उत्तर आलं, "फाइल फायनल आहे. तुम्ही मागे पडताय." मागे पडतेय हे मला कळत नव्हतं होय? ज्या गुडघ्यात स्क्रू बसवलेत त्याच्या मालकिणीला ते दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

आणि मग तुम्ही आलात. हातात एक कागद नाही. चपला दाराशी काढल्यात, भिंतीला टेकून जमिनीवर बसलात आणि नुसतं बघत राहिलात. 'वा', 'छान' काही नाही, मला तर वाटलं यांनाही पटलं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारलात, "उतरताना श्वास सोडता की धरता?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मलाही माहीत नव्हतं, पुन्हा उडी मारून बघावी लागली. धरत होते.

पुढच्या तालमीला वादकांसमोर जी पानं होती त्यांतलं एक मी मागून घेतलंय, आत्ता लिहिताना समोर आहे. वर लय लिहिली आहे, मिनिटाला 96. त्या उडीपाशी ती खोडलेली. एक लांब स्वर, त्याच्या डोक्यावर टिंब आणि टिंबावर कमान, म्हणजे वादक ज्याला फर्माटा म्हणतात तो, स्वर हवा तितका वेळ धरून ठेवायची खूण. आणि खाली पेन्सिलीने, तुमच्या त्या बारीक अक्षरात: 'उजवा पाय पूर्ण टेकेपर्यंत.'

बस्स, एवढंच. पण या एका ओळीपायी तुम्ही किती उपद्व्याप केलात ते मी पाहिलंय. माझा पाय टेकायला किती वेळ लागेल ते त्या दिवशीच्या गुडघ्यावर. क्लॅरिनेटचा श्वास कधीतरी संपणार, चेलोचा गजही टोकाला पोचणार. म्हणून तो स्वर तुम्ही दोघांत वाटून दिलात. एकाचा श्वास संपत आला की दुसऱ्याचा गज खालून अलगद सुरू होतो, सांधा ऐकू येत नाही. चेलोवाल्याला माझा पाय दिसेना, तर त्याचं स्टँड तुम्ही स्वतः उचलून फिरवलंत. त्याची कुरकुर चालली होती, तिकडे लक्षही दिलं नाहीत.

मला सवलत मिळाली असती तर मी एक आभाराचा मेसेज टाकून मोकळी झाले असते. पण तुम्ही त्या थांब्याचं संगीत केलंत. प्रयोगानंतर लोक नेमकं त्याच जागेबद्दल बोलत होते, तिथे श्वास रोखला गेला म्हणत होते. त्यांचाही!

नाच आणि संगीत यांचं हे भांडण जुनंच. 1890 च्या 'द स्लीपिंग ब्यूटी' या बॅलेसाठी नृत्य बसवणारा पेतिपा संगीतकार चायकॉव्हस्कीला इतक्या मात्रा, अशी लय असं लिहूनच द्यायचा, म्हणजे संगीतकार नाचाच्या दावणीला. 29 मे 1913 ला पॅरिसमध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी असा गोंधळ घातला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, आणि नृत्य बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता. पुढे संगीतकार जॉन केज आणि नर्तक मर्स कनिंगहॅम यांनी भांडणच मिटवलं. कालावधी तेवढा ठरवायचा, बाकी संगीत आपलं आपलं, नाच आपला आपला. कित्येकदा नर्तकांना संगीत पहिल्या प्रयोगातच कळायचं. केजबद्दल मला आदर आहे, पण त्या मंडळींत माझ्या गुडघ्याचं काय झालं असतं, देव जाणे.

तुम्ही मात्र आधी बघता आणि मग लिहिता. बाहुलीनाट्य असो, मूकपट असो, चित्रकाराचं प्रदर्शन असो, समोरचा माणूस काम कसा करतो हे जमिनीवर बसून बघायचं, ही तुमची रीत. या रीतीची किंमत तुम्हीच मोजता. अनुदानाच्या अर्जात विभाग विचारतात, संगीत की नृत्य. संगीतवाले म्हणतात हे नृत्याचं, नृत्यवाले म्हणतात तुम्ही तर संगीतकार. सभागृहात नुसतं वाजवायचं म्हटलं की 'हे कशाच्या तरी साथीचं आहे' असा शेरा तयारच. नवी रचना एकदा वाजते आणि कपाटात जाते, दुसऱ्यांदा वाजवायला कुणी उत्सुक नसतं. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'आइनस्टाइन ऑन द बीच' हे ऑपेरा खचाखच गर्दीत झालं, तरी अंगावर कर्ज राहिलं आणि त्याचा संगीतकार फिलिप ग्लास पुन्हा टॅक्सी चालवायला गेला. तुम्ही शिकवण्या करता. त्यातल्या एका शिकवणीची वेळ बदलून माझ्या तालमीला येत होतात, हेही मला दुसऱ्याकडूनच कळलं.

भली माणसं बहुतेक अशीच असतात, गाजावाजा न करता आपलं वेळापत्रक हलवतात आणि विषय बदलतात. मोठ्या नावांना हे का जमत नसावं? कदाचित जमिनीवर बसलं की उठताना त्रास होत असेल.

असो. आता एक कामाचं. ही रचना दुसऱ्या एका मंडळीला करायची आहे. त्यांची नर्तकी विशीतली, गुडघे धडधाकट. तो थांबा काढून टाकू का, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, ताईंना विचारा, पण माझं मत विचाराल तर हात लावू नका, तिच्याही पायाची वाट बघा. त्यांचा फोन येईल. मानधनाचं तुम्ही स्वतःहून बोलणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तेही मीच त्यांच्या कानावर घातलंय. रागावू नका.

तुमची,
उजव्या पायावाली