सांध्यांचं बघतेस, तसं फुप्फुसांचंही बघ

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. बोटांची सूज उतरली, सकाळचा आखडलेपणा कमी झाला, वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू सहज लिहिलंयस, "कोरडा खोकला जात नाही, जिना चढताना दम लागतो, वय झालं आता." ते काही माझ्या मनातून जाईना. सुमे, वयावर ढकलू नकोस. आधी छाती तपासून घे.

रुमेटॉइड संधिवातात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते आणि ती सांध्यांपाशी थांबेलच असं नाही. फुप्फुसांतल्या वायुकोशांच्या भिंती सुजतात, पुढे तिथे वण धरून त्या जाड होतात आणि ऑक्सिजन रक्तात उतरेनासा होतो. डॉक्टर याला आयएलडी, म्हणजे इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात. शंभरातल्या साधारण 10 रुग्णांना याचा त्रास जाणवण्याइतका होतो. सिगारेट ओढणारे, पुरुष आणि रक्तात अँटी-सीसीपी (या संधिवातात सापडणारी प्रतिपिंडं) खूप वाढलेले रुग्ण यांना धोका जास्त. पण आपण यात बसत नाही म्हणून सुटलो, असं नसतं.

आमच्या ताईचंच बघ. गुडघ्यांमुळे तिचं चालणंच कमी झालेलं, मग दम लागतोय हे कळणार कसं? थकवा आला की आम्ही सगळे गुडघ्यांना बोल लावायचो. छातीचा एक्स-रेसुद्धा स्वच्छ आला होता. मग एका डॉक्टरांनी पाठीवर, अगदी खाली स्टेथोस्कोप ठेवला आणि दीर्घ श्वास घ्यायला लावला. वेल्क्रो उघडताना येतो तसा चरचर आवाज त्यांना ऐकू आला. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईनं केलेल्या सीटी स्कॅनमध्ये, सगळं दिसलं. पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या तपासणीच्या वेळी नाकाला चिमटा लावून ती बिचारी जिवाच्या आकांतानं फुंकत होती. बसल्या जागी ऑक्सिजन 97 टक्के, थोडं चालवलं की 88! म्हणून नुसतं बसून बोटाला ऑक्सिमीटर लावून खूश होऊ नकोस.

आणि हो, घाबरून सांध्यांसाठीची मेथोट्रेक्सेटची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नकोस, सांधे पुन्हा उसळतील. त्या गोळीनं फुप्फुसाला सूज येते, पण क्वचित. मात्र ताप येऊन दम झपाट्यानं वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पडलेले वण भरून येत नाहीत गं, पण ते वाढण्याचा वेग कमी करणारी निंटेडॅनिबसारखी औषधं आता आहेत. म्हणूनच लवकर कळायला हवं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही विचारून ठेव.

या आठवड्यातच वेळ घे आणि मला कळव. मी येते तुझ्याबरोबर.

तुझीच,
माधुरी