सुलू, आईने खिडकीतून गोखलेनगर शोधलं

पुणे, रविवार

प्रिय सुलू,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. रागावली असशील तर हक्क आहे तुझा. पण हे तुलाच सांगायचं होतं. बाकीच्यांना ‘बिल्डिंग पाडणार’ म्हटलं की आधी विचारतात, किती स्क्वेअर फूट जास्त मिळणार? माझं बीपी ठीक, आईची साखर ठीक.

किल्ल्या देऊन झाल्या. तुमच्या ब्लॉकसमोरचा पारिजातक मी शेवटी बघितलाच नाही, सरळ टेम्पोत बसले. भाड्याच्या घराचा रंग काही उरकेना आणि बिल्डरची तारीख काही हलेना. आईला घेऊन कुणाकडे जायचं? तेव्हा मैत्रेयी बंगलोरहून म्हणाली, “आजीला घेऊन मॅरियट हॉटेलात राहू, कामानिमित्त तिथे राहून साठलेले माझे पॉइंट पडून आहेत.” सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू गं! मी, आई आणि ती, एका खोलीत जादा कॉट टाकून.

पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या की त्यातल्या सगळ्यात स्वस्त रात्रीचे पॉइंट लागत नाहीत, म्हणून पाच घेतल्या. शिवाय दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर सगळे पॉइंट बुडतात म्हणे. आईने लगेच उलटतपासणी घेतली. “खोलीचे पैसे कंपनीने भरले आणि पॉइंट हिला? हे चालतं?” मैत्रेयीने समजावलं, कंपनीच्या कामासाठी राहिलं तरी बहुतेक वेळा जो राहतो त्याच्या नावावर जमतात, डॉलरमागे दहा. आईला ते पटलं नाही, पण नाश्ता पटला. तोही दोघींचा फुकट, कारण पोरगी प्लॅटिनम आहे. प्लॅटिनम व्हायला वर्षाला पन्नास रात्री हॉटेलात काढाव्या लागतात. हे ऐकून आईने तिच्या ताटात आणखी एक डोसा वाढला.

बाळकृष्ण सोबत होताच. उदबत्ती लावता येईना, वर धुराचं यंत्र. आईने फुलं मागितली तर त्या मुलाने ऑर्किड आणून दिले. तेच वाहिले! चहाच्या इतक्या तऱ्हा मांडलेल्या, आणि आई म्हणते, “एकालाही आलं नाही.”

आता खरं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीशी उभी होती. टेकडी, तिच्या पायथ्याची दाटी, आणि ती बोटाने काहीतरी शोधतेय. गोखलेनगर शोधत होती. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला, तेव्हा नारायण पेठेतला त्यांचा वाडा गेला आणि मग पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहे. तुला तर तिने भांड्यांवर नावं घालायचं कारण म्हणून शंभरदा सांगितलंय. पण हे नव्हतं सांगितलं : “बाबा म्हणाले होते, चार-सहा महिने काढायचे. मी लग्न होऊन निघाले ती तिथूनच.” एवढं बोलून ती नाश्त्याला चल म्हणाली.

सुलू, करारात तीन वर्षं लिहिलीत. उशीर झाला तर भाडं चालू, बँक गॅरंटी आहे, रेराची नोंदणी आहे, सगळं वकिलाकडून वाचून घेतलंय. जिना तिला झेपत नव्हता, लिफ्ट हवीच होती. सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं हे मी आजही म्हणेन. पण ती ब्याऐंशीची आहे. पाच दिवसांत तिने घराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. टेम्पो पोचला का, कपाट कुठे ठेवलं, काही नाही. छान झोपली, छान जेवली, साफसफाईच्या मुलीचं गाव विचारून झालं. मला तिने रडलेलं चाललं असतं. ती इतकी सहज राहिली, आणि मला रात्रभर वाटत होतं की हिने मनात परत न जाण्याची तयारी करून टाकलीय. की मीच हे तिच्यावर लादतेय? तूच सांग.

तुझ्या बाबांनी ब्लॉक विकला तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. आजही माझं मत तेच आहे, विकायला नको होता. तू खाली असतीस तर आईने हे तुझ्यापाशी बोलून टाकलं असतं.

निघताना खोलीसमोर बिलात शून्य होतं. फक्त रात्रीची जेवणं, तिसरीचा नाश्ता आणि आईची इस्त्री भरली. प्लॅटिनमवाल्यांना दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येते. आईने चार वाजेपर्यंत ठेवलीच.

आता कर्वेनगरला आहोत. चारनंतर तिला फोन कर, नंबर तोच. माझं नाव काढू नकोस. नुसतं विचार, नव्या घरात देवघर कुठल्या भिंतीला करायचं म्हणते. काय म्हणाली ते मला कळव.

अमोघच्या लग्नाची तारीख ठरली का? गुडघ्याचं यंदा मनावर घेच. नवा पत्ता पाकिटावर आहे.

तुझी,
नंदा