अडकित्त्यानं तोडलेली गोळी

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत औषधाचं दुकान चालवतो. त्याआधी बरीच वर्षं एका औषध कंपनीच्या कोटिंग विभागात, म्हणजे गोळ्यांवर थर चढवायच्या कामात होतो. पत्र लिहायचं कारण एक साल आहे. द्राक्षाची नव्हे, गोळीची.

मागच्या पावसाळ्यात कवठेमहांकाळकडच्या एक मावशी दुकानात आल्या. पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढून काउंटरवर ठेवली. "धुऊन आणलीया," म्हणाल्या. "जशी गिळली तशी पडली. औषध बोगस हाय तुमचं. पैसं द्या परत." मी चिमट्यानं ती गोळी उचलून दाबली. ती पिचकली. नुसतं टरफल होतं, एका बाजूला बारीक भोक, आत थोडा बुळबुळीत गर. मावशींना बसवून बीपी मोजलं, 130/80 आलं. म्हणजे औषध पोचलं होतं, आणि रिकामं खोकं शौचातून बाहेर पडलं होतं. पण हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला, आणि बेदाणा नसता तर पटलं नसतं.

बेदाणा रात्रभर पाण्यात ठेवला की सकाळी टम्म फुगतो. साल पाण्याला आत येऊ देते, आतल्या साखरेला सहजी बाहेर सोडत नाही. या गोळीचं तेच आहे. आत एक थर औषधाचा, दुसरा पाणी ओढून फुगणाऱ्या पदार्थाचा, बाहेर एक पातळ पडदा. पडद्यातून पोटातलं पाणी हळूहळू आत शिरतं, हा दुसरा थर फुगतो आणि भोकातून औषध थोडं थोडं बाहेर ढकलतो. मग जेवण झालेलं असो की नसो, पोटात आम्ल कमी असो की जास्त, वेग फारसा बदलत नाही. ही कल्पना 1955 साली ऑस्ट्रेलियात रोझ आणि नेल्सन या दोघांनी मेंढ्या-गुरांच्या पोटात औषध सोडण्यासाठी काढली. माणसाच्या गोळीत ती सुटसुटीत करून बसवली फेलिक्स थीवेस यांनी, 1975 च्या सुमारास. मेंढ्यांवरून माणसांवर आलेली ही एकच गोष्ट नाही, पण ते असो.

पडदा बहुतेक वेळा सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून केलेला. त्यात ॲसिटाइलचं प्रमाण किती यावर पाणी किती वेगानं शिरेल ते ठरतं. 39.8 टक्केवाला नेहमीचा, 32 टक्केवाला पाण्याला जास्त वाट देणारा. नुसता पडदा ठिसूळ होतो, म्हणून त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा ट्रायएथिल सायट्रेट घालून तो लवचिक करतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल पाण्यात विरघळून जातं आणि पडद्यात बारीक वाटा सोडतं, म्हणजे त्याचं माप चुकलं की सगळा हिशोब चुकला. तासगावच्या बेदाणा शेडवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो. सालीवरचं मेण ढिलं पडतं आणि महिन्याचं वाळणं दोनेक आठवड्यांवर येतं. साल तीच, फक्त पाण्याची वाट मोकळी केली.

कंपनीत आम्ही हा पडदा ॲसिटोनमध्ये विरघळवून, थोडं पाणी घालून, फिरत्या पॅनमध्ये गोळ्यांवर फवारायचो. नेलपॉलिशचा वास घरी गेल्यावर शर्टालाही यायचा. मग उबेत वाळवायचं, सॉल्व्हंट पूर्ण उडेपर्यंत. घाई केली तर पडद्याचा स्वभावच बदलतो. एकदा पॅनचा वेग चुकला आणि गोळ्यांच्या कडेवर थर पातळ बसला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दोन तासांच्या चाचणीत मात्र औषध हवं त्याहून बरंच जास्त बाहेर आलं. अख्खी बॅच नष्ट केली. थर पातळ तर वेग जास्त, थर जाड तर वेग कमी, इतकं ते सरळ आहे. शेवटी लेझरनं भोक पाडायचं, एक मिलिमीटरहूनही लहान, आणि ते औषधाच्याच बाजूला. फुगणाऱ्या बाजूला पडलं तर गोळी फुकट. म्हणून दोन थरांना दोन रंग देतात, रंग बघून यंत्र बाजू ओळखतं.

एवढी राखलेली साल माझ्या आत्यानं अडकित्त्यानं फोडली.

आत्या तासगावला असते, वय 78. बीपीसाठी निफेडिपिनची 30 मिलिग्रॅमची गोळी, चोवीस तासांची. "एवढी मोठी गोळी पोटाला जड जाती, म्हणून निम्मी सकाळी, निम्मी रात्री," हे तिचं गणित. पडदा फुटला की दिवसभर पुरवून सोडायचं औषध एकदम मोकळं होतं, बीपी धाडकन खाली येतं. ती मोरीत पडली, मनगट मोडलं. गोळ्यांची पाकिटं माझ्याच दुकानातून गेली होती. ज्यानं हा पडदा फवारण्यात उमेदीची वर्षं घातली त्यानंच तिला "तोडू नको" एवढं सांगितलं नाही. पाकीट पिशवीत टाकलं, बिल फाडलं, चहा विचारला. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे रुग्णाला समजावून सांगणं हे माझं कामच आहे. तेव्हा ही तक्रार मी आधी माझ्यावर करतो.

पण मी सांगितलं नाही तर तिला दुसरीकडून कळायचं कुठून? पाकिटावर निफेडिपिन, एक्स्टेंडेड रिलीज, मिलिग्रॅम, सगळं इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. त्यातून सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांच्या नावापुढच्या 'एक्सएल', 'ईआर', 'एसआर' या अक्षरांचा घोळ आहे. आत पडदा आहे की नुसते बारीक दाणे आहेत, हे ती अक्षरं सांगत नाहीत. मेटोप्रोलोल सक्सिनेट या बीपीच्याच औषधाची मधे रेघ असलेली एक्सएल गोळी रेघेवर तोडली तर चालते, कारण तिचा प्रत्येक दाणा स्वतंत्र आवरणाचा असतो. (चावायची मात्र तीही नाही.) आत्याला ती गोळीही चालू आहे. तिथं डॉक्टरांनीच "अर्धी घ्या" सांगितलं होतं. मग तिनं दोन्हींना एकच नियम लावला. तिचं काय चुकलं?

आतलं औषध एक असलं तरी गोळी एक नसते, हे अमेरिकेलाही अनुभवातून कळलं. 2014 च्या नोव्हेंबरात तिथल्या औषध खात्यानं, एफडीएनं, मिथाइलफेनिडेट या एकाग्रतेसाठीच्या औषधाच्या दोन जेनेरिक, म्हणजे मूळ ब्रँडऐवजी दुसऱ्या कंपन्यांच्या, गोळ्यांचा 'मूळ गोळीच्या तोडीची' हा दर्जा काढून घेतला. मूळ गोळी याच पडद्याच्या पद्धतीची होती. जेनेरिकमध्ये औषध तेच, पण दिवसाच्या उत्तरार्धात ते पुरेशा वेगानं सुटत नसावं अशी शंका होती. आपल्याकडे 2019 च्या नवीन औषध नियमांनुसार सावकाश सुटणारा प्रकार कायम 'नवीन औषध' धरला जातो. कागदावर एवढा मान. काउंटरवर मात्र तो बाकीच्या गोळ्यांतच जमा. एक नाही मिळाली की "तीच आहे" म्हणून दुसरी पुढे सरकते.

लेबलचा कायदा दिल्लीचा आहे हे मला ठाऊक आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात निर्मात्याचं नाव, बॅच, परवाना क्रमांक, मुदत असं सगळं आहे. गोळी तोडायची की नाही, हे नाही. ते त्यात यावं आणि मराठीतही यावं म्हणून आपण केंद्राला लिहावं, ही माझी विनंती. पण त्याला वर्षं लागतील. तोवर जे आपल्या हातात आहे ते करा. आपले औषध निरीक्षक दुकानात येतात तेव्हा फ्रिज बघतात, एच-वन यादीतल्या औषधांच्या विक्रीचं रजिस्टर बघतात. त्याच फेरीत, पडद्याच्या गोळीवर दुकानदार मराठी चिकटपट्टी लावतो का, हेही बघावं, असं एक परिपत्रक काढा. अशा गोळ्यांची यादी तुमच्या खात्यानंच करून द्यावी, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. सरकारी दवाखान्यात पट्टी कापून चार गोळ्या सुट्या हातात देतात, तिथं तर ही चिकटपट्टी आधी हवी.

आणि एक गोष्ट त्यात जरूर असू द्या. आतडं अरुंद झालेल्या माणसाला ही गोळी अडू शकते, कारण टरफल विरघळत नाही. 1983 साली ब्रिटनमध्ये इंडोमेथासिन या वेदनाशामकाची अशीच एक गोळी आतड्याला भोकं पडल्याच्या तक्रारींवरून बाजारातून काढावी लागली होती. तेव्हा "आतड्याचं ऑपरेशन झालंय का?" हा प्रश्न काउंटरवर विचारलाच पाहिजे.

गणपती पेठेतल्या छापखान्यातून मी 500 चिकटपट्ट्या छापून घेतल्या. नमुना सोबत जोडला आहे. मजकूर असा:

"अख्खी गिळा. तोडू, चावू, कुटू नका. रिकामं टरफल शौचातून पडेल, घाबरू नका, औषध पोचलेलं असतं. आतड्याचा त्रास असल्यास आधी सांगा."

'कुटू' हा शब्द छापखान्यातल्या पोरानं घालायला लावला. त्याच्या आजोबांना गोळी गिळवत नाही, म्हणून घरी खलबत्त्यात कुटून मधातून देतात. कुठली गोळी आहे ते बघायला उद्या पाकीट घेऊन ये, असं मी त्याला सांगितलंय.

आपला,
सांगलीचा एक औषधविक्रेता