मरुतचे सुटे भाग

म्युनिक, २२ जानेवारी

ति. बाबा आणि ति. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एवढ्याशा विमानाला इतके महिने कसे लागतात गं?" मी सांगायला लागले तेवढ्यात आईने फोन घेतला आणि गाडी माझ्या सर्दीवर गेली. म्हणून म्हटलं, निवांत लिहूनच कळवावं. आई, सर्दी गेली. काढा रोज घेत होते, शपथ. आता पुढचं सगळं बाबांसाठी आहे.

मरुतचं मॉडेल करायला घेतलंय, म्हणजे एच.एफ.-२४, बंगळूरला झालेलं आपलं जुनं लढाऊ जेट विमान. ओझरच्या विमान कारखान्यात उभी हयात मिगवर काढलेल्या फिटरच्या मुलीने बंगळूरच्या विमानाला हात लावावा, हे तुम्हाला जरा झोंबलं असणार. पण मिग-२१ चे किट इथे कुठल्याही दुकानात मिळतात; तासून, जोडून, रंगवून मोकळं व्हायचं. मरुत खरंखुरं डोळ्यांनी बघता येतं. ओबरश्लाइसहाइमच्या जुन्या विमानतळावर डॉइचेस म्युझियमची शाखा आहे, लोकलने अर्धा तास. कुर्ट टांक यांचं डिझाइन, म्हणून जर्मनांनाही त्याचं कौतुक. दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान करणारा हा माणूस युद्धानंतर अर्जेंटिनात गेला, तिथून आपल्याकडे आला आणि १७ जून १९६१ ला टेस्ट पायलट सुरंजन दास यांनी बंगळूरला मरुत पहिल्यांदा उडवलं. त्याआधी, १९५९ मध्ये, टांक यांच्या लोकांनी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर करून डाकोटा विमानाच्या मागे बांधून उडवून पाहिलं होतं. इंजिन नाही, सगळं लाकूड. म्हणजे आधी मॉडेलच केलं की, फक्त १:१ चं!

माझं १:७२ चं, म्हणजे प्रत्येक माप खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. खरं विमान १५.८७ मीटर लांब, पंखांची रुंदी बरोबर ९ मीटर. माझं २२० मिलिमीटर लांब आणि १२५ रुंद. एका प्रदर्शनात जुना रेझिनचा किट स्वस्तात मिळाला. फ्यूजलाज (विमानाचं धड) आणि पंख कामाचे निघाले. बाकी कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, पिवळी पडलेली, चाकांचे पाय वाकलेले, आणि कॉकपिट म्हणजे नुसता खड्डा. मग उरलेलं सगळं आपणच घडवायचं ठरवलं.

कच्चा माल म्हणजे पॉलिस्टायरिनची पांढरी शीट. पाव मिलिमीटर, अर्धा, एक, अशा जाडीत मिळते. कापायची नाही, सुरीने एक रेघ ओढायची आणि वाकवायची, की त्या रेघेवर कटकन तुटते. चिकटवायला डिंक नाही, पातळ सॉल्व्हंट. ब्रशचं टोक सांध्याला टेकवलं की ते आपोआप फटीत शिरतं आणि प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. वेल्डिंगच म्हणा ना.

पहिलं अवघड काम इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या तोंडांचं. मरुतच्या दोन्ही बाजूंच्या इनटेकमध्ये एकेक अर्धा कोन बसवलेला असतो. दोन्ही अगदी सारखे हवेत, नाहीतर समोरून बघताना विमान तिरळं दिसतं. वेगवेगळे घासून सारखे करणं माझ्या हातची गोष्ट नाही. मग दोन जाड पट्ट्या घेतल्या, मधे कागद घालून लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवल्या, कडा गोल करून जोडी ड्रिलच्या चकमध्ये धरली आणि कानस लावून कोन काढला. लेथ नसला तर नसला! ड्रिल मात्र अगदी हळू फिरवायचं, कारण घर्षणाने प्लॅस्टिक तापून कानशीच्या दातांत भरतं. शेवटी पॉलिश पेपर, आणि मग तो तुकडा रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी गोंद सुटला आणि कोन मधोमध उघडला. दोन अर्धे, जुळे. व्हर्निअर लावून बघितला, फरक दिसेना. तुम्ही असतात तर आणखी एकदा लावून बघायला सांगितलं असतंत, म्हणून तेही केलं.

आता मुद्दा, ज्यावर तुमच्याशी वाद घालायचाय. तुम्ही म्हणणार, ड्रॉइंगमधलं माप घ्यायचं, बहात्तरने भागायचं, काम झालं. नाही होत, बाबा. विमानाचा पत्रा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. भागलात तर ०.०२ मिलिमीटर येतं, केसाच्या निम्म्याहूनही पातळ. असली शीट हातात धरता येत नाही. उलट पाव मिलिमीटरच्या शीटचं चाकाचं दार केलं, तर खऱ्या विमानात ते १८ मिलिमीटर जाडीचं झालं, तिजोरीचं दार! मग मी दार ०.१३ च्या शीटचं करते आणि फक्त दिसणारी कड आतून तिरकी घासते. डोळा कडेवरूनच जाडी ठरवतो, त्यामुळे तो फसतो. कुठे माप पाळायचं आणि कुठे डोळ्याला फसवायचं हे प्रत्येक भागाला नव्याने ठरवावं लागतं, आणि महिने जातात ते त्यात. रिव्हेटांबद्दल तर विचारूच नका. काही लोक अख्ख्या विमानावर रिव्हेटांचे ठिपके पाडतात. मला ते देवी आल्यासारखं दिसतं. मी एकही पाडणार नाहीये.

तोफांना मात्र माप पाळलं. नाकाशी चार एडन तोफा, ३० मिलिमीटरच्या. माझ्या मापात त्याचं ०.४२ मिलिमीटरचं भोक बनतं. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये, ०.४ चा बिट धरून बोटांनी फिरवत पाडली चारही. नाकावरची वेग मोजणारी पिटो नळी इंजेक्शनच्या सुईची. चाकांच्या पायांना पितळी नळ्या, एकीत एक सरकणाऱ्या, आणि हायड्रॉलिकच्या पाइपांना शिशाची तार, जी इथे मासेमारीच्या दुकानात मिळते. गळाला लावायच्या नकली माशीला वजन द्यायला ती वापरतात. दुकानदाराला वाटतं मी मासे धरते.

कॅनोपीसाठी लाकडाचा ठोकळा कोरला, शीटच्या जाडीइतका बारीक, कारण शीट वरून बसणार. प्लायला त्याच आकाराचं, किंचित मोठं भोक. पारदर्शक शीट प्लायवर ठोकून ओव्हनमध्ये तापवायची, मधे झोळ पडली की बाहेर काढून ठोकळा शीटवरून एका दमात भोकात दाबायचा. मग लगेच गार. दम घेतलात तर सुरकुती पडते.

ऑफिसातली पोरं म्हणतात, थ्रीडी प्रिंटरवर काढ. काढीनही, आसन वगैरे. पण प्रिंटरला ड्रॉइंग आधी लागतं, आणि तिथेच घोडं अडलंय. लांबून झूम करून बाजूने फोटो काढायचा आणि माहीत असलेल्या लांबीवरून बाकीची मापं काढायची, असं मी म्युझियममध्ये करते. वरून-बाजूने ते जमतं. पोटाखालून नाही, दोरी ओलांडून विमानाखाली झोपू देत नाहीत.

म्हणून एक काम आहे. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये मरुत ठेवलंय. ओंकारला एका रविवारी पाठवा, जमलं तर तुम्हीही जा त्याच्याबरोबर, पंचवटीने. पुढच्या चाकाची खोबण, मोठ्या चाकांच्या दारांची आतली बाजू आणि इनटेक व फ्यूजलाज यांच्यामधली फट, एवढे फोटो हवेत. प्रत्येक फोटोत तुमची स्टीलची फूटपट्टी दिसू दे, भागाच्या शेजारी, त्याच अंतरावर. पुढे किंवा मागे धरली तर माप चुकतं. ओंकारला सांगून उपयोग नाही, तो सेल्फी काढून येईल. पट्टी तुम्हीच धरा.

गुडघ्याची पट्टी मात्र घालून जा. आई, बाबांच्या डब्यात धपाटे दे आणि मला लोणच्याची बरणी पाठवायची असेल तर झाकणाला टेप दोनदा गुंडाळ.

तुमची,
मनू