संज्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर (लांबलचक आहे, चहा घेऊन बस)

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला, म्हणजे आला कधीचा होता पण डाऊनलोड झाला तो कुंदियावाला, म्हणजे आमच्या सिंबू प्रांताच्या मुख्य शहरात, गेलो तेव्हा, इथे वर आमच्याकडे नेटवर्क म्हणजे चर्चच्या मागच्या टेकाडावर एका ठराविक दगडापाशी उभं राहायचं आणि तिथेही पोरांची लाईन असते. अर्धा मेसेज तर तू नालासोपाऱ्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालण्यातच घालवलास, मागून हॉर्न ऐकू येत होते, खरं सांगू का ते हॉर्न मी दोनदा ऐकले.

तर तुझे प्रश्न दोन. एक, मी दिवसभर इथे नक्की करतो काय. आणि दुसरा तुझ्या मेव्हण्याचा, की "फादर लोकं तिकडे जाऊन धर्मांतरं करत असतील ना?" तो विचारतोय यात मला काही वाईट वाटलं नाही, त्याला सांग, पण उत्तर ऐकून त्याची निराशा होईल. अरे इथे धर्मांतर करायला उरलंय कोण? पापुआ न्यू गिनीत जवळजवळ सगळेच स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. आमच्या संस्थेचे पहिले फादर इथे 1896 ला आले, किनाऱ्यावर, आणि या सिंबूच्या डोंगरात 1930 च्या दशकात. म्हणजे आत्ता माझ्यासमोर बाकावर जी पोरं बसतात त्यांच्या पणजोबांचे बाप्तिस्मे झालेत. 2025 च्या मार्चमध्ये तर त्यांच्या संसदेने 80 विरुद्ध 4 मतांनी घटनेतच लिहून टाकलं की हा ख्रिस्ती देश आहे. आमच्या बिशप लोकांनाच ते फारसं पटलं नव्हतं बरं का. मलाही नाही. कागदावर लिहून माणसं चांगली झाली असती तर मला एवढ्या लांब यायची गरजच पडली नसती.

आता दिवसभराचं. मी जिथे राहतो ते गेंबोगलच्या वरच्या अंगाला, माउंट विल्हेमच्या पायथ्याशी, हा डोंगर 4509 मीटर उंच, देशातला सगळ्यात उंच. विषुववृत्त इतकं जवळ आणि तरी मी रात्री दोन ब्लँकेटं घेऊन झोपतो, आपल्या वसईच्या घामट्या माणसाला हे सांगून पटत नाही. सकाळी धुकं इतकं की घंटा वाजवायला जाताना समोरचा माणूस आधी खोकतो मग दिसतो. मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) टोक पिसिन या इथल्या सगळ्यांच्या बोलीत, ती भाषा मी मदांगला समुद्रकाठी शिकलो (मलेरिया पण तिथलाच, दोन्ही एकदमच लागले), पण म्हाताऱ्या बायका कबुलीला येतात त्या कुमान भाषेत बोलतात आणि ती मला अजून अर्धीमुर्धीच येते, त्यामुळे काही पापं देवालाच थेट कळतात, मी नुसती मान हलवतो.

मिस्सा झाली की खरी नोकरी सुरू. आमची एक जुनी लँड क्रूझर आहे, हिला इथे सगळे टेन सीटर म्हणतात, आणि दहा माणसं बसलेली मी तिच्यात कधी पाहिली नाहीत, एकवीस तरी असतात, वर कोबी, बटाटे, एखादं डुक्कर पाय बांधून. हीच गाडी अँब्युलन्स, हीच शववाहिनी, हीच शाळेची बस. रात्री दोनला दार वाजलं की समजायचं कुणी बाई अडलीय, खाली कुंदियावाच्या हॉस्पिटलला न्यायची. रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, पाऊस झाला की रस्त्याचा तुकडाच नदीत जातो, मग पुढचे लोक कुऱ्हाडी फावडी घेऊन येतात, रस्ता करून देतात आणि त्याचे पैसे मागतात. बरोबरच आहे, जमीन त्यांची आहे. इथे जवळजवळ सगळी जमीन कुळांच्या मालकीची, सरकारने रस्ता बांधला तरी खालची माती कुणाची तरी असतेच. आणि गंमत बघ, या देशाची राजधानी पोर्ट मोर्सबी, तिथे डोंगरातून जायला रस्ताच नाही. विमान घ्या नाहीतर बसा.

दुपारी शाळेचं छप्पर, हजेरीपट, गळकी टाकी, कॅटेकिस्ट लोकांची मीटिंग. कॅटेकिस्ट म्हणजे गावातली साधी बायकापोरंवाली माणसं जी प्रार्थना घेतात, मयताला उभी राहतात, मी दोन महिन्यांत एकदा पोचतो अशा वाड्यांवर चर्च त्यांच्याच जिवावर चालतं. यांच्यातलाच एक जण आता संत झाला, पीटर टो रोट, न्यू ब्रिटन बेटावरचा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी फादर लोकांना कैद केलं तेव्हा याने प्रार्थना चालू ठेवल्या, वर जपान्यांनी दोन बायका करायला मोकळीक दिली तर तिला विरोध केला, म्हणून 1945 मध्ये त्याला मारलं. 2025 च्या 19 ऑक्टोबरला रोममध्ये त्याला संतपद मिळालं, या देशाचा पहिला संत. इथे काय जल्लोष झाला विचारू नकोस, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्याची 50 वर्षं झाली त्याच्यापेक्षा मोठा. मी पण मग प्रवचनात भाव खाऊन घेतला, म्हटलं आमच्या वसईचा पण एक आहे, गोन्सालो गार्सिया, तो तर उलटा जपानलाच गेला आणि 1597 ला नागासाकीला क्रुसावर चढला. नंतर एक म्हातारा येऊन म्हणतो, फादर, तुमच्या गावचा पण जपान्यांनीच मारला आणि आमचा पण, म्हणजे आपण एकाच बाजूचे. मी म्हटलं बाबा मध्ये साडेतीनशे वर्षं गेली. तो म्हणाला त्याने काय होतं, भांडण ते भांडण.

भांडणांवरून आठवलं, माझ्या आठवड्यातला सगळ्यात जास्त वेळ डुकरांत जातो. हसू नकोस. लग्नात डुकरं, मयतात डुकरं, मारामारी मिटवायला डुकरं, आणि एकाचं डुक्कर दुसऱ्याच्या कावकावच्या वाफ्यात घुसलं (कावकाव म्हणजे रताळं, इथलं रोजचं जेवण) की दोन कुळं समोरासमोर. 1934 मध्ये याच खोऱ्यांच्या भागात आमचा एक जर्मन फादर मॉर्शहॉयझर बाणांनी मारला गेला, म्हातारी माणसं सांगतात की त्याच्याही मुळाशी डुकरंच होती, मिशनचं घर जाळलं म्हणून दुसऱ्या एका फादरने गावाची डुकरं गोळ्या घालून मारली होती आणि मेला हा. त्यामुळे मी डुक्कर प्रकरणात घाई करत नाही. बसतो. दिवस गेला तरी बसतो. दोन्हीकडचे चार चार तास बोलतात, तेच तेच बोलतात, मध्येच कुणीतरी 1980 सालचं काढतं, बुआय चघळतात (सुपारी रे, चुना लावून, तोंड लालभडक, आपले पानवाले फिके), आणि संध्याकाळी सगळे बोलून दमले की आपोआप आकडा ठरतो. सेमिनरीत मला तत्त्वज्ञान शिकवलं, बसायला कुणी शिकवलं नाही.

पण एक गोष्ट आहे तिथे बसून चालत नाही, आणि ती मी मुद्दाम तुला लिहितोय कारण कॉलेजात अंनिसच्या शिबिरांना मला ओढून नेणारा तूच. इथे तरुण माणूस अचानक गेला, गाडीखाली असो, हार्टने असो, की प्रश्न हा नसतो की कशाने गेला, प्रश्न असतो कुणी केलं. मग बोट जातं एखाद्या बाईकडे. बहुतेक विधवा, जिला भाऊ नाहीत, मुलगे नाहीत, अशीच बरोबर सापडते कशी ते तुला सांगायला नको, नंदुरबारकडे डाकीण ठरवतात त्यात पण हेच असतं ना. मागच्या वर्षी एक रात्र अशी होती की एका म्हातारीला आम्ही टेन सीटरमध्ये सीटखाली झोपवून, वर कोबीची पोती टाकून खाली नेलं. मी गाडी चालवली एवढंच, खरी हिंमत आमच्या कॅटेकिस्टची आणि दोन सिस्टर्सची, कारण मी उद्या दुसरीकडे जाईन, त्या कॅटेकिस्टला याच गावात शेती करायची आहे. ती म्हातारी अजून परत आलेली नाही. यायला मिळेल असं वाटत पण नाही. इथे 1971 चा एक कायदा होता ज्यात जादूटोण्यावरचा विश्वास खुनाच्या केसमध्ये बचाव म्हणून चालायचा, तो 2013 मध्ये रद्द केला. आपल्याकडे दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला तो पण 2013 लाच. आणि इथे असं बोट दाखवणारे सगळे रविवारी चर्चला येणारे बरं का, पहिल्या बाकावर बसणारे. तुझ्या मेव्हण्याला सांग, धर्मांतर वगैरे सोपं असतं, हे जे आहे ते तीन पिढ्यांत नाही गेलं.

बाबांचं तुला माहितीच आहे, तू खांदा दिलास, त्याबद्दल मी तुला कधी नीट लिहिलं नाही. फोनवर आपण दोघं नुसते "हो हो" करत होतो. त्या दिवशी इथे दरड कोसळलेली, माउंट हेगनला जाऊन विमान, मग मोर्सबी, मग सिंगापूर, मग मुंबई, कसंही केलं तरी मी माती द्यायला पोचत नव्हतो. भावाला म्हटलं थांबू नका. मग आत येऊन बसलो आणि मला वाटलं होतं एकटाच बसेन.

संध्याकाळी बाहेर ठोकाठोकी ऐकू आली. बघतो तर पुरुष बांबू पुरून ताडपत्री बांधतायत. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं पण नाही. इथे कुणी गेलं की त्याच्यासाठी रडायला मांडव घालतात, हाउस क्राय म्हणतात, त्यांनी तो माझ्या बाबांसाठी घातला. मग बायका आल्या, तोंडाला चिखल फासलेल्या, लांबूनच मोठ्याने रडत, आणि माझ्या बाबांना हाका मारत होत्या रे, ज्या माणसाला त्यांनी फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. लाकडं आणली, कावकाव आणले, कोंबड्या आणल्या, दोन दोन किनाच्या (किना म्हणजे इथलं चलन) चुरगळलेल्या नोटा एका वहीत नावं लिहून जमा केल्या. चार-पाच दिवस माणसं रात्री पण उठली नाहीत, शेकोटीभोवती तिथेच झोपायची. म्हातारे मला विचारत होते, तुझा बाप कसा होता, काय लावायचा? मी सांगितलं, केळीची बाग होती, विहीर होती, राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायचा आणि पानात बांधून विकायचा. केळी यांच्याकडे ढीग आहेत पण सुकवायची ही आयडिया त्यांना फार आवडली, दोन तास त्याच्यावरच चर्चा, ऊन किती लागतं, माश्या बसत नाहीत का. मग एकाने विचारलं, डुकरं किती होती? म्हटलं एक पण नाही. सगळे एकदम गप्प झाले. त्यांना खरंच वाईट वाटलं बाबांसाठी. शेवटच्या दिवशी त्यांनी डुक्कर कापलं, म्हणाले बापाच्या नावाने एक तरी व्हायला पाहिजे, आणि मुमू केला, खड्ड्यात तापलेले दगड, केळीची पानं, वर मांस, रताळी, पालेभाजी, वरून माती, आपल्या पोपटीचा थोरला भाऊ समज. मी जेवलो. पोटभर जेवलो, आणि तेव्हाच काय ते रडलो.

तर आता मी त्यांचा देणेकरी आहे, आणि हे इथे कुणी विसरत नाही. त्या वहीतल्या प्रत्येक नावाच्या घरी काही झालं की मला जावं लागतं, फादर म्हणून वेगळं आणि बाबांचा मुलगा म्हणून वेगळं, लाकडं घेऊन. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग बरं, तुला तिथे कुणीतरी आहे. पण तिचा आवाज काही "बरं" असल्यासारखा नव्हता. मलाही कधी कधी रविवारी दुपारी सगळे गेल्यावर, पाऊस लागलेला असताना, असं वाटतं की आत्ता वसईत असतो तर नुसतं तुझ्या दुकानात स्टुलावर बसलो असतो. वाटतं, खोटं कशाला बोलू. इथल्या तरुण फादरला (तो इंडोनेशियाच्या फ्लोरेसचा) पण वाटतं, मग आम्ही दोघं मिळून टिनचा मासा आईच्या बॉटल मसाल्यात परततो, तो घाम पुसत खातो आणि म्हणतो तुमच्या आईने मला मारायचं ठरवलंय. तो मसाला संपत आलाय.

अजून काय. यंदा कॉफीला भाव चांगला मिळाला, खालच्या गावांत पैसा आला, त्यातला निम्मा बियर आणि पत्त्यांत गेला, उरलेल्यात काही पोरांच्या फिया भरल्या गेल्या. शाळेत यंदा मुली वाढल्यात, हे मला सगळ्यात आवडलं. एकीला नर्स व्हायचंय, तिने माझ्याकडून भारतातल्या सिस्टर्सबद्दल इतके प्रश्न विचारले की मी शेवटी तिला आमच्या इथल्या केरळच्या सिस्टरकडे पाठवून दिलं.

पिंकीच्या लग्नाचं, मी एप्रिल-मेमध्ये सुट्टी मागितली आहे, बहुतेक मिळेल. तारीख धरताना पंधरा मे च्या अलीकडची धर. नाचायला सांगू नकोस, जेवायला मात्र मी पहिल्या पंगतीला. आणि येताना काय आणू विचारलंस तर वहिनींसाठी एक बिलुम आणतो, इथल्या बायका हाताने विणतात त्या पिशव्या, एकेक विणायला आठवडे लागतात, कांदेबटाटे आणायला वापरू नका एवढंच. सुकेळी (ती सुकवलेली केळी) मात्र कुरियरने पाठवू नकोस, आईलाही सांग, फळाचं काही इथे कस्टममध्ये सोडत नाहीत.

आता तुझ्या धंद्यातला प्रश्न. आमच्या सोलरची बॅटरी, बारा व्होल्टची, लेड अ‍ॅसिड, रात्री आठ वाजले की इन्व्हर्टर कुईं कुईं करायला लागतो आणि लाईट मिणमिण. पाणी मी बघितलं, भरलेलं आहे. टर्मिनल घासून पुसून घेतले. दिवसा धुक्यामुळे चार्जच होत नसेल की बॅटरीच मेली, हे मीटरने कसं ओळखायचं ते सांग, आणि लिथियम घेतली तर हाच जुना चार्ज कंट्रोलर चालेल का? ले शहरात एका दुकानात बॅटरी मिळते पण ती इथपर्यंत आणायची म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, चुकीची आणली तर परत कोण जाणार. व्हॉइस मेसेज नको, टाईप करून पाठव, तो त्या दगडापाशी लवकर उतरतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना प्रेम.

तुझा,
पास्क्या