मशीनने सांगितले, माणसाने लपवले

संपादक महोदय,

‘स्मार्ट कारखान्यां’विषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मशीनला सेन्सर लावले की उत्पादन वाढते, असा त्याचा एकंदर सूर. भोसरी एमआयडीसीत माझे ११ मशीनचे वर्कशॉप आहे आणि दीड वर्षापूर्वी मी मशीन कधी चालते, कधी थांबते हे टिपणारे हे सेन्सर लावून घेतले, म्हणून लिहितो आहे.

पहिली अडचण जोडणीचीच. तीन नव्या सीएनसींना, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनना, केबल लावली आणि त्या बोलू लागल्या. बाकीच्या जुन्या, त्यांच्या कंट्रोलरला प्रोग्रॅम भरण्यापुरते एक आरएस-२३२, म्हणजे जुन्या धाटणीचे केबल-पोर्ट. तिथे आमच्या इलेक्ट्रिशियनने मशीन चालू असल्याचे दाखवणाऱ्या टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्याचीच वायर सेन्सरच्या डब्यात घेतली. दोन मशीनना तो दिवाही नव्हता. त्यांच्या स्पिंडल मोटरच्या वायरवर करंट मोजणारी सीटी बसवली. करंट चढला म्हणजे मशीन काम करते आहे, एवढेच त्यातून कळते. पण तेवढे पुरते.

पहिल्याच आठवड्यात माझी जिरली. मशीन ८० टक्के वेळ चालतात, असे मी ग्राहकांना छातीठोकपणे सांगत असे. निघाले ५४.

मशीन थांबले हे सेन्सर सांगतो. का थांबले, ते त्याला कळत नाही. त्यासाठी ऑपरेटरने बटण दाबायचे: सेटिंग, टूल, मटेरियल, ब्रेकडाऊन, इतर. स्क्रीन माझ्या केबिनमध्ये होती. महिनाभरात निम्म्याहून जास्त थांबे ‘इतर’मध्ये! मी सुपरवायझरवर चिडलो. तो म्हणाला, ‘‘साहेब, पहिल्या आठवड्यात ज्यानं खरं बटण दाबलं, त्याला तुम्ही केबिनमध्ये बोलावलं होतं.’’ बोलावले होते खरे.

मग स्क्रीन शॉपमध्ये, चहाच्या टेबलाजवळ हलवली. ‘फर्स्ट पीस’ हे नवे बटण ऑपरेटरांनीच मागून घेतले आणि दुखणे सापडले. सेटिंग बदलल्यावर पहिला जॉब तपासून मिळेपर्यंत मशीन उभे राहायचे. सेकंड शिफ्टला इन्स्पेक्टर एकच, तोही डिस्पॅचच्या कागदांत अडकलेला. वीस-पंचवीस मिनिटे, कधी चाळीस. एका माणसाचा पगार मीच वाचवत बसलो होतो. माणूस घेतला. आज आकडा ६७ वर आहे, आणि त्यातले सेन्सरचे श्रेय किती, इन्स्पेक्टरचे किती, हे लेखकाने ठरवावे.

कागदी लॉगशीट मात्र मी बंद केलेली नाही. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या बलाढ्य अॅल्युमिनियम कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथेही बरेच काम हाताने आणि कागदावर चालवावे लागले होते. आमची काय कथा!

आता आमचा एक मोठा ग्राहक म्हणतो, ही स्क्रीन आम्हालाही थेट दिसू द्या, डिलिव्हरीचा अंदाज येईल. येईलही. पण खरा सायकल टाइम, म्हणजे एक नग बनवायला लागणारा वेळ, एकदा दिसला की पुढच्या वेळी दर पाडताना तोच माझ्यापुढे ठेवला जाईल, याची धास्ती आहे. दोन महिने मी ‘बघतो, सांगतो’ म्हणत टोलवतो आहे. थोडक्यात, माझे ऑपरेटर जे ‘इतर’ दाबत होते, तेच आता मी दाबतो आहे.

पुरवठादाराच्या मशीनची माहिती कोणी पाहायची, कशासाठी वापरायची आणि दर ठरवताना ती वापरायची की नाही, याचा एक साधा मराठी करारनामा कोणी तरी तयार करून द्यायला हवा. कारखान्यांना स्मार्ट तंत्रज्ञान वापरायला मदत करणाऱ्या केंद्राच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमातली सी-फोर-आय-फोर लॅब ही संस्था पुण्यातच आहे. लघुउद्योजकांच्या संघटनांनी तिला सोबत घेऊन हे काम करावे. वाचकांपैकी कोणी ग्राहकाशी असा करार केला असेल, तर त्यातली कलमे याच सदरात कळवावीत. मला ग्राहकाला उत्तर द्यायचे आहे.

– एक लघुउद्योजक, भोसरी