पक्ष सोडायचा तर आधी राजीनामा दे

प्रिय बाय,

काल फोनवर म्हणालीस ना, सगळे एकाच माळेचे मणी, मतदानाला पुण्याहून गोव्याला कशाला येऊ? तुझा राग कळतो गं, पण सगळे सारखेच म्हटलं की ज्यांनी शब्द मोडला ते सुटतात.

२०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीला, बांबोळीच्या खुरसाकडे, म्हणजे ख्रिस्ती क्रॉसकडे, आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं, तिन्हीकडे शपथ घेतली की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. देवीसमोर हात जोडून बोललेला शब्द आहे तो, आपल्याकडे माणूस साध्या जमिनीच्या भांडणात पण देवाची शपथ घ्यायला दहादा विचार करतो. ११ जण निवडून आले आणि १४ सप्टेंबरला त्यातले ८ भाजपात गेले. त्यात माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत पण होते, ते म्हणाले मी देवाला विचारलं आणि देवाने सांगितलं तुला योग्य वाटतं ते कर. मला सगळ्यात जास्त संताप ह्याचा आला.

आता ८ च का, तर दोन तृतीयांश. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एकटा गेला तर आमदारकी जाते, पण दोन तृतीयांश मिळून गेले की त्याला विलीनीकरण म्हणतात आणि सगळे वाचतात. २०१९ ला पण १५ पैकी १० असेच गेले होते, हायकोर्टात ते टिकलं सुद्धा.

माणसाचं मत बदलू शकतं, मी नाही म्हणत नाही. २०१७ ला विश्वजित राणे काँग्रेसवर निवडून आले आणि लगेच भाजपात गेले, मला ते अजिबात आवडलं नव्हतं, पण त्यांनी राजीनामा दिला, वाळपईत पोटनिवडणूक लढवली आणि जिंकले. निदान लोकांना परत विचारलं तरी.

आणि आपल्या वाड्यावरचेच लोक म्हणतात, आमदार सत्तेत गेला तर बरंच झालं, कामं होतात, पोराला सरकारी नोकरी लागते. हे ऐकलं की आमदारांपेक्षा जास्त वाईट वाटतं. रस्ता आणि नळाचं पाणी विरोधी आमदाराच्या गावाला मिळायलाच पाहिजे, त्यासाठी त्याने पक्ष बदलायचा असेल तर आपण मत कशाला दिलं?

२०२७ ला विधानसभेचं मतदान असेल तेव्हा ये. उमेदवार दारात आले की सरळ विचार, पक्ष सोडायचा झाला तर आधी राजीनामा देणार का, आणि ते काय बोलतात ते मोबाईलवर रेकॉर्ड कर. बसचं तिकीट मी काढतो.

तुझा,
बाबा